तंबाखूच्या चवीची बोटं

फाउस्तीनो सरांच्या बोटांची चव पेत्रोनिलाच्या जिभेवरून तीस वर्षांत गेली नव्हती. तंबाखू आणि स्वस्त साबण. बहिऱ्यांच्या शाळेत सहा वर्षं सरांनी तिच्या तोंडात बोटं घालून जीभ दाबली, 'पापा' म्हणताना समोरची मेणबत्ती विझते का ते पाहिलं आणि तिने हातांनी खुणा केल्या की तिचे हात बाकाला बांधले. एवढ्या थुंकीनंतर तिला एक 'पापा' यायला लागलं, तेही बापाला कळलं नाही.

खरी भाषा तिला मिळाली शाळेच्या बसमध्ये, मागच्या सीटवर, मोठ्या बहिऱ्या पोरींच्या हातांतून. त्याच पोरींनी चीज गुंडाळलेल्या वर्तमानपत्रावर बोट ठेवून एकेका स्पॅनिश शब्दाची खूण सांगितली. आज लेओन शहरातला तिचा निम्मा मोहल्ला तिच्याकडून अर्ज लिहून घेतो. त्या शाळेत मात्र ती भात आणि घेवडा शिजवते.

राजधानी मानाग्वाहून शिक्षण खात्याचे पाहुणे येणार म्हणून सरांनी तिला चिठ्ठी दिली : 'स्टेजवर मोठ्याने पापा म्हण, फळ्यावर चार ओळी लिही. माझ्या पद्धतीचं फळ म्हणून तुला दाखवतो. मग तुला शिक्षिका करतो.' या नोकरीसाठी तिने अकरा वर्षं अर्ज केले होते.

स्वयंपाकघरात आठ वर्षांच्या यारित्साने हातांनी विचारलं, "मावशी, तू शाळेत बाई झालीस की सर तोंडात बोटं घालायचे थांबतील?"

"थांबतील," तिने खुणेने सांगितलं. ही पद्धत तिच्याच नावावर आणखी तीस वर्षं चालणार होती, हे तिला कळत होतं. तिला स्वतःचीच शिसारी आली.

स्टेजवर मेणबत्ती पेटली. पेत्रोनिलाने तोंड उघडलंच नाही. सर पाहुण्यांकडे तोंड करून भाषण ठोकत होते. तिने खडू उचलला आणि लिहिलं : 'मला लिहायला हातांनी शिकवलं. या माणसाच्या बोटांनी फक्त ओकारी आणली.' मग तेच तिने मुलांना खुणांनी सांगितलं.

सगळ्या मुलांचे हात वर गेले आणि पंजे थरथरले. बहिऱ्यांच्या टाळ्या अशाच असतात, एवढं सरांना माहीत होतं. छातीवर हात ठेवून ते झकास वाकले. पाहुण्यांपैकी कोणी हललं नाही. सगळे फळ्याकडे बघत होते.

तेव्हा सर वळले. वाचलं. आणि सगळ्यांदेखत त्यांनी उजव्या हाताची बोटं पँटला खसाखसा पुसली.

नोकरी गेली, भातही गेला. पेत्रोनिला खाली उतरली, तर पहिल्या रांगेतून यारित्साचे हात भराभर हलले.

"बघ मावशी, त्यांनापण घाण वाटते!"