सासूबाईंचा विलायती बंगला

माझ्या सासूबाईंचं लहानपण एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यात गेलं. (खरं म्हणजे बंगल्यामागच्या खोलीत, त्यांचे बाबा साहेबाकडे माळी होते; पण हे त्यांच्यासमोर म्हणायची माझी छाती नाही!) आंबिवलीजवळच्या एका कारखान्याचा हा साहेब. विलायतेतलं त्याचं वडिलोपार्जित दगडी घर पडलं, म्हणून त्यानं हुबेहूब तसंच इथे बांधलं, अगदी शेकोटी आणि धुराड्यासकट. आंबिवलीच्या मे महिन्यात शेकोटी!

"आई, तो बंगला अजून उभा आहे," असं मी एकदा जेवताना ठोकून दिलं. गाडीतून जाताना लांबून एक दगडी भिंत दिसलेली, एवढाच पुरावा.

सासूबाईंनी हातातला घास खाली ठेवला. "खरंच? मग रविवारी न्या मला."

रविवारी डोंबिवलीहून निघालो. सासूबाई ठेवणीतल्या साडीत, बरोबर माझी बायको मेधा आणि मार्गदर्शक मी. भिंत निघाली म्हशींच्या गोठ्याची! गोठ्यातला माणूस म्हणाला, "बंगला? तो कधीच पाडला. दगडपण नेले लोकांनी." समोर नुसतं कंबरभर गवत.

"अहो, न बघताच सांगितलंत?" मेधा कानाशी फिस्कारली.

मला सासूबाईंकडे बघवेना. ऐंशीच्या घरातली बाई, आता रडणार! पण त्या एका जुन्या चिंचेपाशी गेल्या, अंदाज घेत जरा डावीकडे सरकल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "या. चपला इथे काढा."

"आई, काटे आहेत!"

"बरं, राहू देत. हा दिवाणखाना."

आणि काय सांगू! त्या गवतात घर उभं राहायला लागलं. इथे पियानो, मडमेला वाजवता येत नव्हता, तरी रोज वाजवायची. इथे जिना, साहेब बाहेर गेला की सासूबाई कठड्यावरून घसरायच्या. ही खिडकी, हिच्यावर त्यांच्या बाबांनी गुलाब चढवलेला. मी भारावून पुढे सरसावलो.

"अहो जावईबापू, भिंतीतून काय येताय? दार इकडे आहे!"

मी निमूट वळसा घालून दारातून आलो. मेधा तर चक्क वाकून आली! ("चौकट ठेंगणी आहे, आई म्हणाली ना!") गोठ्यातली माणसं कामं टाकून बघायला लागली. लाज लपवायला मी फोटोच्या निमित्तानं मागे सरकलो.

"तिकडे नको, कमळांचा हौद आहे!"

आता मात्र माझ्यातला सुशिक्षित जागा झाला. "आहे नाही, आई. होता!" म्हणत मी पाऊल मागे टाकलं, आणि 'होता'मधला 'ता' हौदातच उच्चारला.

गोठेवाल्यांनी कासरा टाकून मला बाहेर ओढलं. सासूबाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. काठाशी बसून त्या शेवाळाखालचा दगड हातानं पुसत होत्या. डोळे भरलेले, चेहरा मात्र लहान मुलीसारखा. "मेधा, बघ गं! तोच दगड! बाबा रोज घासायचे हा!"

अख्खं घर मनात शाबूत ठेवलेल्या त्या बाईला मी मनोमन हात जोडले. (हाताला गाळ होता, म्हणून प्रत्यक्ष नाही.)

परवा त्यांची बहीण ठाण्याहून आलेली. तिनं विचारलं, "हौद खोल आहे का गं अजून?"

"आहे तर!" सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "आमचे जावई स्वतः उतरून बघून आले!"