रंगसरांची बाग

रंगसरांनी कुठल्याही रंगाला कधी सरळ नावानं हाक मारली नाही. नुसता पिवळा त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. तिगाव स्टेशनच्या पाटीचा पिवळा वेगळा, पोळ्यानंतर बैलाच्या शिंगांवर उरलेला पिवळा वेगळा. मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मी गणित. एकदा स्टाफरूममध्ये सगळे एका बाईंच्या नव्या साडीचं कौतुक करत होते, तर हे गंभीरपणे म्हणाले, "उतू जायच्या आधीच्या कढीचा रंग हाय. लई कमी भेटते असा." बाई बरेच दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ही स्तुती होती, हे त्यांना पटवता पटवता मी थकलो.

चित्रातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी आमची मैत्री जमली, कारण मी प्रश्न विचारायचो आणि त्यांना प्रश्न आवडायचे. फक्त एक अट होती. "मास्तर, आधी पोटभर पाहा, मंग इचारा," असं ते म्हणत. मी दोन मिनिटं पाहायचो आणि विचारायचोच.

दर शनिवारी शाळा सुटली की ते बसनं गावी जात. लोधीखेड्याच्या पुढं त्यांच्या दादांची संत्र्याची बाग होती. आईवडील लहानपणीच गेलेले. दादांनी शिकवलं आणि वहिनींनी वाढवलं. वहिनी त्यांना बापू म्हणत. बापू दिवसभर करतो काय, हे त्यांना नीटसं सांगता आलं नसतं, पण ओसरीवर मांडलेल्या त्याच्या रंगांच्या डब्यांना हात लावायची घरात कोणाची टाप नव्हती. पाहुण्यांना त्या आधीच बजावत, "तिकडं जाऊ नका, बापूचं काम चालू हाय."

त्याच ओसरीवर त्यांनी ते मोठं चित्र केलं. जवळजवळ दाराएवढं. त्यात रंगावर रंग चढलेले, खालून कुठंतरी काळी माती वर येऊ पाहणारी, आणि मधेच एक ओलसर हिरवं. नाव दिलं होतं 'बाग'. मी नेहमीप्रमाणे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणालो, "सर, बाग आहे तर संत्री कुठं आहेत?"

"तोड झाली ना," ते म्हणाले. फळं उतरवून गाड्या भरून गेल्यावर बाग कशी दिसते, ते त्यांनी काढलं होतं. मला ते उत्तर तेव्हा पळवाटेसारखं वाटलं.

नागपूरच्या एका कलादालनात पाच नव्या चित्रकारांचं समूह प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात रंगसरांना एक भिंत मिळाली. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून त्यांनी चित्रासाठी खोका केला, आत तणस भरलं आणि पॅसेंजरनं ते नेलं. तिथं कळलं की शेवटच्या दिवशी भोपाळचे एक जाणकार गृहस्थ येणार आहेत. विकली गेलेली चित्रं घेणाऱ्यांच्या घरी जाणार, आणि उरलेल्यांतून ते भोपाळच्या मोठ्या प्रदर्शनासाठी निवड करणार. रंगसरांचा जीव त्यात अडकला. "नागपूरले आपण एमपीवाले, भोपालले आपण मराठी," ते मला म्हणाले. "एकडाव तिथच्या भिंतीवर लागलो ना मास्तर, मंग मी कोणाचा, हे कोणी इचारत नाही." विक्री झालेल्या चित्राच्या नावाच्या चिठ्ठीवर दालनाच्या बाई एक लाल गोल टिकली चिकटवत. आपल्या चित्राला ती लागू नये म्हणून हा माणूस गिऱ्हाईक दिसलं की चित्राच्या पुढ्यात जाऊन उभा राहायचा. आपला माल खपू नये म्हणून धडपडणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

शेवटच्या दिवशी आमच्याबरोबर वहिनीही आल्या. त्या वर्षी दादा अर्धांगानं खाटेला खिळले होते. त्यांना शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडून त्या दिवसभरासाठी निघाल्या होत्या, कारण बापूचं काम भिंतीवर लागलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दालनाच्या दारात त्यांनी चपला काढल्या. सगळ्या चित्रांपुढून त्या देवळात फिरावं तशा हळूहळू फिरल्या. बाहेरचा चहा त्यांना चालत नसे, म्हणून त्यांना बाकावर बसवून आम्ही दोघं टपरीवर गेलो.

परत आलो तेव्हा भोपाळचे गृहस्थ आलेले होते आणि 'बाग'समोर उभे होते. बराच वेळ ते हललेच नाहीत. पोटभर पाहत होते. मग त्यांनी खाली वाकून चिठ्ठी पाहिली आणि बाईंना विचारलं, "अरे, ये बिक गया?"

चिठ्ठीवर लाल टिकली होती. बाई गोंधळल्या, म्हणाल्या, "मी तर लावली नाही." रंगसर पुढं झाले. टिकली कागदाची नव्हती, कडेला किंचित विरघळलेली होती. तो लाल त्यांना लहानपणापासून ओळखीचा होता.

बाकावरून वहिनी समाधानानं म्हणाल्या, "किती जणाइच्या चित्राले कुंकू लावलं होतं, बापू. तुह्याच चित्राले कोणी लावलं नाही. मंग मीच लावून देलं." घरात बैल आला, शिलाई मशीन आलं, तरी आधी कुंकू लावणारी ती बाई. आपल्या पोराचं काम तेवढं कोरं राहिलं, हे तिला पाहवलं नव्हतं.

माझ्या डोळ्यांसमोर भोपाळ होतं. मी घाईनं रुमाल काढला आणि चिठ्ठीकडं हात नेला. रंगसरांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की मी त्यांच्याकडं पाहतच राहिलो.

"जी हाँ," ते त्या गृहस्थांना म्हणाले, "बिक गया."

"आपका और कुछ है यहाँ?"

"जी नहीं. एक ही था."

ते हळहळले आणि पुढच्या भिंतीकडं गेले.

परतीच्या गाडीत वहिनींचा डोळा लागला. मी धुसफुसत होतो. शेवटी न राहवून म्हणालो, "अहो, नुसतं सांगायचं होतं की गैरसमज झाला."

"दादा घरी खाटेवर पडून हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "अन् वैनीनं लावलेलं कुंकू तिच्या डोळ्यादेखत पुसू? तुमी तरी काय बोलून राहिले, मास्तर." मला फार वाईट वाटत होतं, आणि त्यांचा फार अभिमानही वाटत होता.

चित्र चिठ्ठीसकट वहिनींच्या ओसरीवर लागलं. दादा त्या दुखण्यातून उठले आणि पुन्हा बागेत हिंडायला लागले. दर दसऱ्याला वहिनी चिठ्ठीवर नवं कुंकू लावत राहिल्या. काय घडलं ते त्यांना कोणी सांगितलं नाही. भोपाळचा योग काही पुन्हा आला नाही. रंगसर शाळेत शिकवत राहिले, आणि दहाएक वर्षांनी एका सकाळी अचानक गेले.

दिवस झाल्यावर मी गावी भेटायला गेलो. ओसरीवर त्यांचे डबे तसेच मांडलेले होते. चिठ्ठीवरचं त्यांचं नाव कुंकवाखाली दिसेनासं झालं होतं. त्या लालाला ते काय म्हणाले असते, ते काही मला सुचेना. वहिनी बाजूला येऊन उभ्या राहिल्या. इतकी वर्षं उठता-बसता पाहिलेल्या त्या चित्राकडं बोट करून त्यांनी विचारलं, "मास्तर, बापूले इचारायचं राहूनच गेलं. ह्या बागेत संत्री कोठी हाय?"

मी तेव्हा पहिल्यांदाच ते चित्र पोटभर पाहिलं.

"तोड झाली ना, वहिनी," मी म्हणालो.