वाळू भरलेली पॉवर बँक

भुताखेतांचं किंवा चमत्काराचं कुणी सांगायला लागलं की मी दुकानातला पसारा आवरायला घेते. लोणावळ्यात माझं मोबाईल ॲक्सेसरीजचं दुकान आहे. बारीकसारीक दुरुस्तीही मीच करते. वस्तू बंद पडली तर त्याला कारण असतं आणि चालली तर त्यालाही असतं, हे माझं पक्कं मत. होतं म्हणा...

आधी दुकानातली एक पद्धत सांगते. फुगलेले सेल काचेमागे उन्हात ठेवणं धोक्याचं. म्हणून परत आलेल्या खराब पॉवर बँका उघडून मी सेल काढून टाकते, आत वाळूची पुडी भरते आणि त्या शोकेसमध्ये मांडते. वाळू अशासाठी, की गिऱ्हाईक आधी हातात घेऊन वजन बघतं. विकायचा माल खालच्या खणात. घोटाळा नको म्हणून रिकाम्यांच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका.

गेल्या पावसाळ्यात इंदुरीहून माझ्या खालाचा, म्हणजे मावशीचा, फोन आला. लाईट सारखी जाते, पॉवर बँक आण म्हणाली. तिला दमा आहे. औषधाची वाफ देणारं हातात मावेल एवढं मशीन आहे, पण त्याची आतली बॅटरी गेलेली; वायर लावली तरच चालतं. लोकल सुटायला आली होती आणि ती चुकली की दुपारभर गाडी नाही. हाताला लागली ती पॉवर बँक पिशवीत टाकून मी पळाले. घोरावाडीला उतरून रिक्षा केली.

जेवणं उरकतायत तोच वारा सुटला. लाईट गेली. पाठोपाठ खालाला धाप लागली – अशी की ओठ निळे पडायला लागले. शेजारचे बबनभाऊ डॉक्टरांना आणायला गाडी काढून निघाले आणि तसेच परत आले.

"रस्त्यात झाड पडलंय, ताई. लय मोठं हाय. कापल्याबिगर गाडी न्हाई जायची."

ते कोयता घेऊन पळाले. मी मशीनला पॉवर बँक जोडली, वाफ सुरू झाली, मास्क धरून बसले. जरा वेळानं चार्ज किती उरलाय ते बघायला पॉवर बँक उचलली. एकही दिवा लागलेला नव्हता. उलटी केली – लाल ठिपका!

हलवून पाहिली. आत वाळू खसखसली. आणि मशीन चालूच!

एरवी मी वायर उपसून, दुसऱ्या मोबाईलला लावून, दहा प्रकारे तपासलं असतं. बोटं वळवळतही होती. पण काढली आणि परत चाललीच नाही तर? पॉवर बँक अलगद खाली ठेवली आणि खालाच्या छातीकडे बघत राहिले. हळूहळू खरखर कमी झाली... ओठांवर रंग आला. औषध संपल्यावर तिनंच मास्क बाजूला केला.

"नसीम, मैयत बघितल्यासारखी काय बघतेस? चहा टाक."

चहा झाला, रस्ता मोकळा करून बबनभाऊ भिजून परत आले. त्यांना झालेलं सांगितलं आणि त्यांच्यासमोरच मी पॉवर बँक उघडली. आत वाळूची पुडी आणि माझ्याच कटरनं कापलेल्या वायरी. सेल नाही. बंद करून पुन्हा जोडली. मशीन ढिम्म.

"चाललं व्हतं न्हवं?" बबनभाऊ म्हणाले. "मग उघाडलं कशाला?"

मशीनची जुनी बॅटरी थोडी जिवंत असेल, या आशेनं तीही काढून मीटर लावला. पार मेलेली. खालाला डॉक्टरांना दाखवून आणलं, खणातली नवी पॉवर बँक फुल चार्ज करून दिली. ती रिकामी मात्र मी अजून अधूनमधून मोबाईलला लावून बघते. कधीच चालत नाही. कारण मला सापडलेलं नाही, कुणाला सुचलं तर जरूर कळवा.

खाला माझ्या खटपटीला हसते. म्हणते, "माझी धाप बसली. आता ती कशाला चालंल?"