भरलेलं माप

आमच्या वन्संना ऐकू येत नाही. सोळाव्या वर्षी कापडगिरणीत लागल्या, मागांच्या खडखडाटात बावीस वर्षं काढली, आणि गिरणी बंद पडली त्या दिवशी घरी येऊन मला म्हणाल्या, "वहिनी, आज किती शांत वाटतंय गं." मी म्हटलं, गिरणी बंद झाली म्हणून वाटत असेल. पण बाहेर रस्ता खणायचं काम चाललं होतं आणि माझं डोकं उठलं होतं. तेव्हा कळलं, प्रकरण हाताबाहेर गेलंय.

त्या ओठ बघून बोलणं ओळखतात. त्यामुळे आमच्या घरात भांडायचं असेल तर समोर उभं राहून भांडावं लागतं. वन्संनी पाठ फिरवली की भांडण संपलं. तीस वर्षांत मी एकदाही जिंकले नाही.

अशा बाईने आयुष्य घालवलं कुठे, तर ऑपेराच्या मंडळीत. ऑपेरा म्हणजे नाटकच, पण त्यात पाण्याचा पेला हवा असला तरी माणसं गाऊन मागतात आणि तो मिळेपर्यंत पाच मिनिटं जातात. आमच्या गावात वर्षातून एक होतो, नगरमंडळाच्या जुन्या सभागृहात. गिरणी सुटल्यावर खालच्या मजल्यावरचे पडदेवाले काका वन्संना तिथे घेऊन गेले. काका पडद्यांवर राजवाडे आणि जंगलं रंगवतात, आणि त्यांच्या कानामागे कायम कुठला तरी रंग असतो. "एका पडद्याची किनार उसवलीय, तेवढी मारून द्या," म्हणाले. ती किनार मारायला गेलेली बाई तीस वर्षं तिथेच राहिली. राजे, राण्या, शिपाई, भुतं, सगळ्यांचे कपडे त्याच शिवू लागल्या. तोंडात सदानकदा टाचण्या, म्हणून सगळे त्यांना टाचणीताई म्हणतात. मी त्यांच्या हाताखाली. अस्तराला धावदोरा घालायचा, इस्त्री करायची, आणि वही लिहायची. माझी शाळा तिसरीत सुटली, पण आकडे सुटले नाहीत.

त्या वहीत वन्संचं सगळं शहाणपण आहे. दुसरे शिंपी माणसाला सरळ उभं करतात आणि छातीला फीत लावतात. वन्सं फीत लावतात आणि म्हणतात, "गा." तो गातो, आणि त्या फितीकडे बघत बसतात. मग मी दोन आकडे लिहिते. एक रिकामं माप, एक श्वासाने भरलेलं. कुणाच्या दोन्हींत एक बोट फरक, कुणाच्या दोन बोटं. वाद्यांपुढे उभं राहून काडी हलवणारे आमचे मास्तर, त्यांचं रिकामं आणि भरलेलं एकच निघालं. "म्हणून हे गात नाहीत, हात हलवतात," वन्सं त्यांच्या तोंडावर म्हणाल्या. मास्तर आठवडाभर फुगून होते. पण फुगूनसुद्धा फीत हलली नसती.

सगळ्यांत मोठा फरक बेकरीवालीचा. चार बोटं! ही पहाटे भट्टीपुढे पीठ मळता मळता गळा तापवते, समोरच्या दुकानदारांना तिच्या आवाजावरून वेळ कळते. आठ वर्षं मागच्या रांगेत उभी राहून गायली, आणि या वर्षी पहिल्यांदा तिला राणीची भूमिका मिळाली. हद्दपार होणारी राणी, भर दरबारात शेवटचं गाणं गाते. गाण्याच्या शेवटी एक उंच सूर आहे. तो धरायचा आणि सोडायचाच नाही. मी बोटांवर मोजत असे. दहा बोटं संपून पुन्हा चार, म्हणजे चौदा.

आणि या वर्षीच नव्या दिग्दर्शकबाई आल्या. मोठ्या शहरातून. हुशार बाई, खोटं कशाला बोलू, पण बोलायच्या अशा की सभागृहाच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळही दचकावं. राणीचं चित्र त्यांनी काढून आणलं होतं. गर्द जांभळी मखमल, गळ्यापर्यंत बंद, आत पोलादी पट्ट्या आणि पाठीवर बावीस हूक. सोबत मापांचा छापील कागद. "माणसं सरळ उभी करा, हात खाली, तोंड बंद, आणि चौकटी भरा."

वन्सं म्हणाल्या, "आमच्याकडे गायला लावून माप घेतात."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजी, यांना सांगा, हे शिवणकाम आहे, गाण्याची परीक्षा नाही. तीस माणसांना गायला लावलं तर वर्ष इथेच संपेल."

मला सांगायची गरज पडली नाही. वन्संनी ओठ वाचले होते. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढून त्यांनी सुयांच्या उशीत खोचल्या. हे लक्षण वाईट. "ठीक आहे," म्हणाल्या. "कागदावर आहे तसं."

चाळीस दिवस शिवला त्यांनी तो पोशाख. टाका असा की मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. मी एकदा हळूच म्हटलं, "वन्सं, बेकरीवालीचं भरलेलं माप वहीत आहे की."

"आहे ना."

"मग?"

"मला कुणी मागितलं?" आणि फिरवली पाठ. भांडण संपलं.

प्रयोगाला पाच दिवस राहिले तेव्हा पोशाख घालून पहिली तालीम झाली. सकाळी दहाला. मी एकेक करून बावीस हूक लावले. बेकरीवाली आरशात बघून म्हणाली, "काकू, मी खरंच राणी दिसतेय हो." दिसत होतीच. बाई खूश, काका खूश. मी वन्संकडे बघितलं, तर त्या जमिनीवरचे दोरे वेचत बसल्या होत्या.

मग शेवटचं गाणं आलं. सूर लागला, आणि सहाव्या बोटाला तुटला. पुन्हा घेतला. पाचव्यालाच तुटला. तिसऱ्यांदा लागलाच नाही, नुसती हवा आली. बेकरीवाली पांढरीफटक.

मास्तर म्हणाले, "काल तर चौदा होत होते!"

"काल प्रयोगाची भीती वाटली नव्हती, आज पोशाख चढवला आणि वाटली," बाई म्हणाल्या. "गळा धरलाय हिचा. मी धोका पत्करणार नाही. उद्या दुपारपर्यंत आला नाही तर भूमिका संगीतशिक्षिकेला. तिला सगळं पाठ आहे."

बेकरीवाली लाकडी सिंहासनावर बसली आणि रडू लागली. तेही तिला धड जमेना, हुंदका अर्ध्यावरच अडकायचा. "माझा गळा गेला, काकू," तिथूनच मला म्हणाली. "आठ वर्षं थांबले आणि आजच गेला."

वन्सं तिसऱ्या रांगेत माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांना यातलं काही ऐकू आलं नाही, पण तो अर्धवट हुंदका त्यांनी बघितला. "वहिनी, हे माझ्यामुळे झालं," म्हणाल्या आणि उठल्या. गुडघे कुरकुरत रंगमंचाच्या पाच पायऱ्या चढल्या. मी मागोमाग, वही घेऊन.

"गळ्याला काही झालेलं नाही," त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, त्यामुळे तो रस्त्यापर्यंत गेला असणार. "माझा राग आहे तो. मी बावीस हुकांत बसवलाय. हिचं खरं माप मला माहीत होतं, तरी कागदावरचंच शिवलं. चूक माझी आहे."

ऑपेराच्या मंडळीत कुणी आपली चूक कबूल केल्याचं मी तरी त्याआधी बघितलं नव्हतं.

मग वन्संनी कमरेची कात्री काढली. बेकरीवालीला पाठमोरी केलं आणि गळ्यापासून कमरेपर्यंत कच्चकन मखमल कापत नेली. हूक काढत बसायलासुद्धा थांबल्या नाहीत. पोलादी पट्टी टणकन बाहेर येऊन मास्तरांच्या पायाशी पडली. "अहो, काय करताय! थांबा! थांबवा यांना कुणीतरी!" दिग्दर्शकबाई किंचाळत होत्या, पण वन्संच्या पाठीमागून. मला मनातून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तीस वर्षं जे माझं होत होतं, ते आज दुसऱ्या कुणाचं तरी होत होतं.

वन्संनी बरगड्यांभोवती फीत धरली. "गा."

"टाचणीताई, नाही यायचा."

"मला कुठे ऐकू येणार आहे? गा तू."

तिने श्वास घेतला. फीत सरकली. एक बोट, दोन, तीन, चार. आणि सूर अजून तोंडातून निघायचाय, तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "झालं काम." मग तो निघाला. माझी दहा बोटं संपली, चार संपली, पंधरा, सोळा. वरच्या गॅलरीत झाडू मारणारी बाई झाडू टेकून उभी राहिली. मास्तरांनी काडी खाली ठेवली आणि नाक पुसलं.

सूर थांबल्यावर सगळे दिग्दर्शकबाईंकडे बघायला लागले. बाई कापलेल्या मखमलीकडे बघत होत्या. मग पुढे आल्या, वन्संच्या अगदी समोर उभ्या राहिल्या, आणि पहिल्यांदाच हळू बोलल्या. "मी विचारायला हवं होतं. आता हे जोडायचं कसं?"

प्रश्न खरा होता. पाठीवर चार बोटांची फट, आणि जांभळी मखमल संपलेली. काका म्हणाले, "कापड मी देतो," आणि आत जाऊन एक घडी घेऊन आले. सभागृहाचा पहिला पडदा, उन्हाने विटून जुन्या सोन्यासारखा झालेला. तीस वर्षं शिडीवर बुडाखाली घेत होते.

"रंग जुळत नाही," मी म्हटलं.

"नको जुळू दे," बाई एकदम म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं होतं. "पाठीवर चुण्या घाला. मिटल्या की नुसतं जांभळं दिसू दे, आणि श्वास घेतला की आतलं सोनेरी. शेवटच्या सुराआधी राणी प्रेक्षकांकडे पाठ करेल, श्वास घेईल, आणि मग वळून गाईल. मास्तर, तिला वळायला जागा मिळेल?"

"चार मात्रा देतो," मास्तर म्हणाले. "हव्या तर सहा."

"चार पुरे," बेकरीवाली म्हणाली. रडणं कुठल्या कुठे गेलं होतं. राण्या लवकर सावरतात.

पुढचे चार दिवस आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वन्सं चुण्या घालत होत्या, मी अस्तर. काका सोनेरी कापडाची विटलेली बाजू कुठली आणि बरी कुठली ते उजेडात धरून सांगत. मास्तर येऊन कुठल्या ओळीला श्वास किती मोठा ते बोटांनी दाखवत, आणि वन्सं त्याप्रमाणे टाका सैल ठेवत. दिग्दर्शकबाईंना मी सुईत दोरा ओवायला बसवलं. सुरुवातीला दर तिसरा दोरा नाकात जाईल असा धरायच्या, चौथ्या दिवशी बऱ्या ओवू लागल्या.

प्रयोग रविवारी दुपारी होता. सभागृह भरलं, बाजूच्या भिंतींना टेकूनही माणसं उभी. वन्सं आणि मी पडद्याच्या कडेला, हातात सुई तयार, न जाणो काही उसवलं तर. दरबार थांबला. राणीने पाठ केली. क्षणभर नुसती काळीजांभळी पाठ, आणि मग ती उघडत गेली. एकेका चुणीतून सोनं बाहेर आलं, पार खांद्यापर्यंत. बाहेर शेकडो माणसांनी एकदम श्वास घेतलेला मला ऐकू आला. वन्संना तो ऐकू आला नाही, पण त्या माझा हात दाबून म्हणाल्या, "भरलं."

राणी वळली. मी मोजलं. एकोणीस! माझी बोटं दोनदा संपायला एकच उरलं होतं.

पुढे काय झालं ते वन्संनी डोळ्यांनीच बघितलं. सगळं सभागृह उभं होतं आणि हातच हात हलत होते. मंडळी नमस्काराला बाहेर गेली. दिग्दर्शकबाई परत आत आल्या, वन्संचं मनगट धरलं आणि ओढत नेलं. तीस वर्षांत वन्सं कधी पडद्यापुढे गेल्या नव्हत्या. मध्ये बेकरीवाली, एका बाजूला मास्तर आणि काका, दुसऱ्या बाजूला बाई आणि वन्सं, छातीवर टाचण्यांची रांग तशीच. सगळे वाकले. वन्संही वाकल्या, पण तेवढ्यात राणीच्या घेराला लोंबणारा एक दोरा त्यांना दिसला, आणि टाळ्या चालू असताना त्यांनी तो दातांनी तोडला. टाळ्या आणखी वाढल्या.

पुढच्या आठवड्यात दिग्दर्शकबाई आमच्याकडे आल्या. "टाचणीताई, मला एक कोट शिवून द्याल? पुढच्या वर्षीही मीच येणार आहे, आणि मापं तुम्हीच घेणार आहात. सगळ्यांची. पहिल्याच दिवशी."

वन्संनी मान डोलावली, मला वही उघडायची खूण केली आणि बाईंच्या छातीला फीत लावली. "गा."

"अहो, मला कुठे गाता येतं?"

"ओरडता तर येतं ना? मग ओरडा."

बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, आणि मग छाती भरून अशी आरोळी ठोकली की खालून काका हातात कुंचला घेऊन धावत वर आले.

"पाच बोटं," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, लिही. बेकरीवालीपेक्षा एक जास्त."