परत जावं लागलं तर

लेस्टरच्या ज्या कॉलेजात मी काम करते, तिथे ऑगस्टच्या शेवटी हॉलमध्ये टेबलं मांडली जातात. सोळा वर्षांची मुलं जीसीएसईचा, म्हणजे इथल्या दहावीचा, निकाल घेऊन येतात आणि आम्ही त्यांना ए-लेव्हलसाठी, म्हणजे पुढच्या दोन वर्षांसाठी, तीन विषय निवडायला मदत करतो. फक्त तीन. बाकीचे विषय त्या दिवशी सुटतात, बहुतेकांचे कायमचे. मी शिकवत नाही, मी 'स्टुडंट सपोर्ट'मध्ये आहे. मुलांशी बोलणं हे माझं काम, आणि मी मुळात कमी बोलणारी. पण त्याचा उपयोगही होतो. आपण गप्प बसलो की मुलं आपोआप बोलायला लागतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या टेबलापाशी आई, वडील आणि मुलगी असे तिघं येऊन बसले. मुलीच्या निकालपत्रावर सगळ्यात चांगला ग्रेड जॉग्रफीचा होता. वडिलांनी माझ्याशी इंग्रजीत सुरुवात केली: मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री. मग मुलीकडे वळून मराठीत म्हणाले, सरळ बस. आई म्हणाली, तिला बोलू तर द्या. ते घरातलं बोलणं आपण नुसतं ऐकत राहणं मला बरं वाटेना, म्हणून मी सांगून टाकलं की मला मराठी येतं.

"अरे वा. कुठल्या तुम्ही?"

"पुण्याची."

"तरीच. मोजून बोलताय."

"अहो, काय हे," आई म्हणाली, पण तीही हसत होती. ते लोक नागपूरचे. वडील सॉफ्टवेअरमध्ये, कंपनीने दिलेल्या वर्क व्हिसावर आलेले. मुलगी आली तेव्हा बारा वर्षांची होती. इथे कायमचं राहण्याचा परवाना मिळायला अजून थोडा काळ बाकी होता.

मराठी निघाल्यावर त्यांनी मला सगळं मोकळेपणाने समजावून सांगितलं. परत जावं लागलं तर हिला तिकडे अकरावी-बारावीला सायन्स मिळालं पाहिजे. त्यासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवेच. जॉग्रफी इथे छान वाटते, पण तिकडे मॅथ्स, फिजिक्सच्या जोडीला कोण घेऊ देणार? माणसाने दोन्हीकडची दारं उघडी ठेवावीत. ते दरडावत नव्हते. कागदावर सगळं लिहून आणल्यासारखं नीट बोलत होते आणि त्यांच्या बोलण्यात मला कुठेही चूक सापडत नव्हती.

आम्हाला शिकवलेलं आहे की प्रश्न मुलाला विचारायचा, पालकांना नाही. मी मुलीला इंग्रजीत विचारलं, तुला काय हवं आहे? ती मराठीत म्हणाली, "बाबा म्हणतात तेच." मी तेच लिहिलं.

सप्टेंबरात ती जेवणाच्या सुट्टीत माझ्या खोलीत येऊन बसायला लागली. बरोबर तिची एक मैत्रीण असायची, शाळेपासूनची, तोंडाने फटकळ. "केमिस्ट्रीत हिचा चेहरा बफर होतो, मिस," ती म्हणायची. "नुसता गोल फिरत असतो. कधी काही लोड होत नाही." मुलगी हसायची आणि डब्यातली पोळी तिच्यासमोर सरकवायची. जॉग्रफीचं बोलणं निघालं की मात्र तिला थांबवणं कठीण. त्यांच्या घरामागच्या रस्त्यावर पावसात नदीचं पाणी का येतं आणि पुढच्या रस्त्यावर का येत नाही, हे तिने मला एकदा टेबलावर मीठ-मिरीच्या पुड्या मांडून समजावलं होतं. मी त्या रस्त्यावरून रोज जाते. मला कधी प्रश्नही पडला नव्हता.

"जॉग्रफीत बघितलं की कळतं, हे असं का झालं," ती म्हणाली. "केमिस्ट्रीत फक्त सांगतात की झालं."

सप्टेंबर संपेपर्यंत विषय बदलता येतो, नंतर नाही. मी तिला तेवढं सांगितलं. आठवडाभराने तिने विचारलं की मी तिच्या आईबाबांशी बोलेन का.

ते दोघं संध्याकाळी आले, मुलगीही बरोबर बसली. मला ती भेट अवघड गेली. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. घरी मराठीच बोलत होतो, पण मोठ्या माणसांना विरोध करायची मराठी मला येत नाही. तसली वाक्यं मी इंग्रजीतच शिकले, नोकरीत. तिच्या वडिलांशी मी मराठीत सुरुवात करत होते आणि मुद्द्यावर आले की इंग्रजीत शिरत होते. ते ऐकून घेत होते. ती हुशार आहे, केमिस्ट्री जमेल, सगळ्यांना सुरुवातीला जड जाते, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, जमेल, पण तिचं मन दुसरीकडे आहे. ते म्हणाले, "मॅडम, मन कुठे आहे त्यावर व्हिसा देत नाहीत."

आई तोवर हातातल्या मफलरच्या गोंड्यांशी खेळत बसली होती. तिने मान वर केली.

"अहो, आपण इथे राहायला आलोत की तिथे परत जायला, हे एकदा ठरवा. चार वर्षं झाली, सोफा घ्यायचा तरी तुम्ही म्हणता, परत जावं लागलं तर. सोफ्याचं ठीक आहे. ती पोरगी अर्धी इकडे, अर्धी तिकडे कशी राहील? रात्री रडून राहिली होती ती."

ते मुलीकडे न बघता म्हणाले, "ठीक आहे बेटा. घे." केमिस्ट्री सुटली, जॉग्रफी आली. जाताना ते मला म्हणाले की कायमच्या परवान्याचा अर्ज करायची वेळ येतच आहे, तेव्हा चिंता नाही. आपल्या मनाची समजूत घालत होते, हे मला कळत होतं.

त्यानंतरचा महिनाभर ती मुलगी मला फारशी दिसलीच नाही. आमच्या कामात याला चांगली खूण मानतात. एकदा जिन्यात भेटली तर हातात गुंडाळलेला मोठा नकाशा होता आणि मैत्रीण मागून ओरडत होती की अगं माझ्या डोळ्यात जाईल तो. मागे पडलेला अभ्यास तिने भरून काढला. जॉग्रफीच्या शिक्षिकेने मला आपण होऊन सांगितलं की उशिरा आलेली ही मुलगी सगळ्यांच्या पुढे गेली आहे.

नोव्हेंबरात वडील एकटेच आले. आधी फोन वगैरे काही नाही. खुर्चीत बसले, कोट काढला नाही. कंपनीने इथली त्यांची अख्खी टीम बंद केली होती. दोन महिन्यांच्या आत दुसरी कंपनी व्हिसा द्यायला तयार झाली नाही, तर देश सोडावा लागणार. मँचेस्टरला एक इंटरव्ह्यू होता, लंडनला एक. होईल काहीतरी, ते म्हणाले. मग विचारलं, "तिला परत केमिस्ट्रीत घालता येईल का?"

मी वर जाऊन विचारून आले. मुदत उलटून गेली होती, आणि नाही म्हणण्यावाचून कॉलेजला दुसरं काही शक्य नव्हतं. त्यांनी मान हलवली. मला दोष दिला नाही. दिला असता तर कदाचित मी काही बोलू शकले असते. एवढंच म्हणाले की हे कॉलेजात कोणाला सांगू नका. नोकरी मिळाली तर लोकांच्या तोंडी उगाच विषय राहायला नको. आमच्या घरांत वाईट बातमी अशीच ठेवतात, पक्की होईपर्यंत दारं लावून. मी फक्त माझ्या वरिष्ठ बाईंना सांगण्याची परवानगी मागितली. ती त्यांनी दिली.

मुलीला सगळं माहीत होतं. पुढच्याच दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली की तिच्या मोकळ्या तासांना ती केमिस्ट्रीच्या वर्गात मागे बसली तर चालेल का? हजेरी नको, परीक्षा नको. नुसतं बसायचं.

मी विचारलं, तुला बसायचं आहे का?

"नाही," ती म्हणाली. "पण घरी गेल्यावर बाबा विचारतात, आज काय शिकलीस. मी जॉग्रफी सांगते तेव्हा ते ऐकतात, पण त्यांचा चेहरा कसातरी होतो. मी केमिस्ट्रीचं काही सांगितलं तर त्यांना बरं वाटेल."

केमिस्ट्रीच्या सरांनी कारण विचारलं नाही, हे त्यांचे उपकार. ती मागच्या बाकावर बसायला लागली. ज्या विषयातून तिला सोडवायला आम्ही एवढे झटलो, त्यात ती आता आपण होऊन, डोळे उघडे ठेवून बसत होती. वर्गाच्या दारातल्या काचेतून मी एकदा पाहिलं. ती फळ्यावरचा प्रत्येक शब्द उतरवून घेत होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला जॉग्रफीच्या मुलांची नॉरफोकच्या किनाऱ्यावर एक दिवसाची सहल होती. तोवर मँचेस्टरहून नकार आला होता. लंडनचं उत्तर यायचं होतं. ती सहलीला येणार नाही असं मी धरून चालले होते. पण आदल्या आठवड्यात वडिलांचा फोन आला. "तिला नेताय ना? ती म्हणते, आता काय उपयोग. तुम्ही तिला म्हणा की यावंच लागतं." मी तिला तसं सांगितलं. मुलींबरोबर आणखी एक बाई हवी होती म्हणून मीही गेले.

किनाऱ्यावर वारा असा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मुलांनी पाण्यापासून कड्यापर्यंत खांब रोवून वाळूचा उतार मोजला, गोटे उचलून त्यांची लांबी-रुंदी घेतली. तिची मैत्रीण खांब धरायची आणि ती दूर उभी राहून आकडे ओरडायची. मैत्रीण म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात आपण हेच परत मोजू, कोर्सवर्कसाठी, तेव्हा तू खांब धर, मी आरामात ओरडेन." ती म्हणाली, "बरं." मैत्रिणीलाही तिने काही सांगितलेलं नव्हतं.

जेवणाच्या वेळी आम्ही बसच्या आडोशाला उभे होतो. शिक्षिका तिच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या की तिने युनिव्हर्सिटीत जॉग्रफी घ्यायचा विचार करावा. त्या उगाच कौतुक करणाऱ्यांपैकी नव्हेत. कुठल्या युनिव्हर्सिटीत काय चांगलं आहे, हे त्यांनी बोटं मोजत सांगितलं. ती ऐकत होती, मधे मधे मान डोलावत होती, एकदा तर तिने एक प्रश्नही विचारला, अमुक ठिकाणी किनाऱ्यांचा अभ्यास असतो का. शिक्षिका खूश झाल्या. शेवटी ती "थँक यू, मिस" म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मीही समुद्राकडे बघत राहिले, कारण आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं असतं तर ते शिक्षिकेच्या लक्षात आलं असतं.

लंडनचा नकार टर्मच्या शेवटच्या आठवड्यात आला. त्यानंतर वडिलांनी कॉलेजला रीतसर कळवलं. शेवटच्या दिवशी ते तिला न्यायला आले. ती वर पुस्तकं परत द्यायला आणि मैत्रिणीला सांगायला गेली होती. आम्ही दोघं खाली कॉरिडॉरमध्ये उभे. मुलं सुट्टीला निघाली होती, एकमेकांना ढकलत, गाणी म्हणत. मी त्यांना म्हटलं की तिने खूप चांगलं काम केलं. ते म्हणाले, माहीत आहे. सहलीचे फोटो दाखवले तिने.

मग म्हणाले, "मीच बरोबर ठरलो, मॅडम." त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "तिच्या आईचं बरोबर ठरायला हवं होतं."

वर जिन्यात दार वाजलं. मुलगी आणि तिची मैत्रीण खाली आल्या. मैत्रिणीचे डोळे लाल होते. मुलीचे मात्र कोरडे होते. तिने मला "बाय, मिस" म्हटलं, वडिलांच्या हातातली तिची जड पिशवी स्वतः घेतली आणि ते दोघं गर्दीतून बाहेर पडले.

जूनमध्ये मुलीच्या आईचा नागपूरहून फोन आला. आता ती मला 'अगं' म्हणायला लागली होती, मी वयाने लहान म्हणून. वडिलांना नोकरी मिळाली होती, इथल्यापेक्षा खालची, पण मिळाली. मुलीला अकरावीला परत पहिल्यापासून बसावं लागणार होतं. एक वर्ष वाया गेलं. सायन्सला ॲडमिशन झाली. केमिस्ट्रीचं थोडं आधीच झालेलं आहे म्हणून क्लासवाले सर खूश आहेत, हे तिने सांगितलं. मी म्हटलं, चांगलं झालं.

"चांगलंच आहे," ती म्हणाली. "अभ्यास करते, उलटून बोलत नाही, बाबांना हवं नको बघते. पण जॉग्रफीचं नाव काढत नाही गं. एकदाही नाही. मी काढलं तरी उठून जाते. इतकं शहाणं कशाला व्हायचं पोरीने?"

मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. आई म्हणाली, बोलतेस का तिच्याशी, इथेच आहे ती. मी हो म्हटलं. तिने हाक मारली. फोनवर मला पंख्याचा आवाज येत होता, आणि लांबून मुलीचं उत्तर, की अभ्यास चालू आहे, नंतर करते.

मग आईने मला विचारलं की लेस्टरला अजून थंडी आहे का, आणि मी सांगितलं की नाही, आता संध्याकाळी बराच वेळ उजेड असतो.