कानसेनाचा तळहात

आमच्या शेजारच्या खोलीतल्या माणसाला संगमरवराच्या कारखान्यात सगळे कानसेन म्हणत. खाणीतून आलेला दगड करवतीखाली जाण्याआधी तो लहान हातोडीने ठोकायचा आणि ऐकायचा. घंटेसारखा वाजला तर अखंड, आवाज बद्द आला तर पोटात चीर. तो ऐकत असताना शेजारची करवतसुद्धा बंद ठेवत. आम्हा नटांना टाळ्या मिळायच्या. त्याला मान होता तो फक्त "घ्या आत" म्हणण्याचा. पण काय थाटात म्हणायचा!

पंचवीस वर्षांच्या घरघरीत त्याचे कान गेले. एका संध्याकाळी त्याने मला जिन्यात गाठलं.

"मास्तर, विंगेतून वाक्य सांगणाऱ्याचा आवाज पोचला नाही, तर तुम्ही काय करता?"

"त्याचे ओठ वाचतो."

"मग मला शिकवा. पण आमच्या घरात बोलू नका."

महिनाभर आरशासमोर बसवून शिकवलं. मोठं पुण्य केल्यासारखा मी खूश होतो. माणसांचं तेवढ्यावर निभावलं, पण दगडाला कुठले ओठ? त्याची युक्ती त्यानेच काढली. एका हाताने ठोकायचं आणि दुसरा तळहात पुरेल तितका लांब दगडावर टेकवायचा. अखंड दगडातली थरथर हातापर्यंत येते, चिरेपाशी विरते. दोन वर्षं अंदाज चुकला नाही.

मग एके दिवशी मालाची घाई होती. मुकादमाने मागून विचारलं, "करवत बंद करू का?" उत्तर आलं नाही, म्हणून त्याने चालूच ठेवली. सगळी जमीन थरथरत होती. ती थरथर कानसेनाला दगडाची वाटली.

"घ्या आत," तो म्हणाला.

त्या दगडाच्या करवतीवर त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. निम्मा कापून झाल्यावर दगड चिरेवर फाकला आणि दगडाची एक फळी मेहुण्याच्या पायावर आली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

कानसेनाला कोणी बोल लावला नाही. "पोटातली चीर कोणाला दिसणार?" मालकही म्हणाले. त्याने गप्प बसायचं, एवढंच बाकी होतं.

इस्पितळात मेहुण्याने थट्टा केली, "दाजी, उरलेला पाय ठोकून बघा. अखंड आहे ना?" बहीण डोळे पुसता पुसता हसली. आणि नेमकं तेव्हाच त्याच्या तोंडून निघालं, "मला दोन वर्षं ऐकू येत नाही. मास्तरांनी ओठ वाचायला शिकवलं, त्यावर चालवलं."

मेहुणा म्हणाला, "मला सांगायचं होतंत, दाजी. तुमच्या शेजारी उभं राहून मी ऐकलं असतं. कोणाला पत्ता लागला नसता."

दुसऱ्या दिवशी कानसेनाने मालकांनाही सांगितलं. आता तो मागच्या शेडमध्ये असतो. करवतीच्या पाण्याबरोबर वाहून आलेली पांढरी मळी तिथे सुकवतात, सिमेंटमध्ये कालवून तिच्या विटा पाडतात. तिथे कान लागत नाहीत. संध्याकाळी भुवया पांढऱ्या करून घरी येतो. म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी आम्ही तसंच रंगवायचो, पण प्रयोग संपला की पुसून टाकायचो.

बायको त्याला गरम वाढते, डबा भरून देते. बोलते मात्र पाठ करून, ओट्याकडे तोंड करून. पातळ भिंतीतून मला सगळं ऐकू येतं. त्याला काही कळत नाही, आणि "इकडे बघ" असं तो म्हणत नाही.

परवा दारात त्याने मला थांबवलं. "मास्तर, ती काय बोलते हो?"

"काही नाही. भाजी महागली म्हणते."

तो माझ्या ओठांकडे पाहत राहिला. "खरं सांगा."

आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं म्हटली, इतकं जड वाक्य कधी वाट्याला आलं नव्हतं. एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "ती म्हणते, माझ्या भावाचा पाय गेला. शेजाऱ्याला सांगितलं, पण मला नाही."

त्याने मान हलवली. "बरोबर बोलते," म्हणाला, आणि आत जाऊन तिच्या पाठीमागे पाटावर बसला.