वारा कुणाचा

टेलरकाकांच्या आतड्यातली गाठ काढायचं ठरलं, तेव्हा सर्जननी त्यांना दोन वाटा समजावल्या. दोन्हींत पोटावर छोटी छोटी भोकंच. दुर्बिणीने केलं तर काठीसारखी सरळ हत्यारं डॉक्टर स्वतः धरणार. रोबोटने केलं तर डॉक्टर बाजूला बसून त्याचे हात हलवणार. त्या हातांना मनगटं असतात, अडचणीच्या जागी ती छान वळतात. वेळ मात्र जरा जास्त.

"म्हणजे हातशिलाई की मशीन," काका म्हणाले.

"तुमच्या गाठीला दोन्ही सारखंच. घरी विचारून सांगा."

घरी विचारण्यासारखं फक्त शिलाई मशीन होतं. बायको कधीच गेली होती, मुलगी लांबच्या देशात. काकांनी मशीनचा मान न राखता हातशिलाई निवडली.

शेजारच्या खाटेवर निवृत्त ड्रिलमास्तर होते. दुखणं तेच, पण त्यांचं ऑपरेशन रोबोटने झालेलं, आणि भेटायला येणाऱ्याला ते अशा थाटात सांगत, की रोबोट जणू त्यांनीच चालवला.

आतड्याच्या ऑपरेशननंतर सगळा वॉर्ड एकाच गोष्टीसाठी कान टवकारून असतो: वारा सरला का? सरला म्हणजे आतडं जागं झालं. मग पाणी, मग पातळ खाणं, मग घर. सर्जन विचारीत, सिस्टर विचारी, फरशी पुसणाऱ्या मावशीसुद्धा हात थांबवून विचारीत, "काय काका, सरला का?" काकांची एवढी चौकशी त्यांच्या लग्नातही झाली नव्हती.

"रोबोटच आधी वाजणार!" मास्तर म्हणत.

"हातशिलाईला उशीर होतो, पण ती उसवत नाही."

एका दुपारी मास्तरांभोवती बायको, मुली, जावई असा गोतावळा जमलेला असताना तो सरला. चांगला दणदणीत.

"अहो, सरला!" मास्तरीणबाई सिस्टरला सांगायला धावल्या. जावयाने टाळ्या वाजवल्या. काका भिंतीकडे तोंड करून पडले.

सगळी मंडळी चहाला गेल्यावर मास्तर कुजबुजले, "तुमचा ना तो?"

"हं."

"मग बोलत का नाही?"

"बोललो की घरी पाठवतात, मास्तर."

मास्तरांनी दाराकडे एकदा बघून घेतलं. "राहा मग. माझ्या नावावर खपू दे."

तेवढ्यात सिस्टर मास्तरांसाठी पाणी घेऊन आली. आतडं झोपेत असताना प्यायलं तर उलट्या होतात, नाकातून नळी घालावी लागते, हे तिनेच दोघांना बजावलं होतं. तरी मास्तरांनी ग्लास ओठाला लावला.

"सिस्टर," काका उठून बसले, "तो ग्लास इकडे. वारा माझा."

"अय्या, जिंकलात की काका!" अख्खा वॉर्ड हसला. एकटे मास्तर हसले नाहीत.

पाणी झालं, पातळ खाणं झालं, आणि काका टॅक्सीने एकटेच घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टरांच्या राउंडच्या वेळेला, ते शर्ट नीट करून घरच्या खाटेवर ताठ बसले. बराच वेळ बसले. मग मशीनकडे बघून त्यांनी आपणहूनच सांगितलं, "सरला हो."